परतीचा आहेर

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्याच्या टेबलावर एक मीटर असतं. ॲन्टेनाकडे किती वॅट निघाले आणि त्यातले किती माघारी आले, हे ते सांगतं. लग्नातल्या आहेराची वहीच म्हणा. फरक इतकाच, की इथे परतीचा आहेर जितका कमी तितका यजमान खूश. या हिशेबाचा आकडा म्हणजे एसडब्ल्यूआर. तो एक आला की गडी दिवसभर आनंदात. दोन आला की शिडी, पक्कड घेऊन गच्चीवर. खरं तर दोनला परत येतात शंभरातले अकरा वॅट. पलीकडच्या कानाला त्याचा पत्ताही लागत नाही.

खालच्या बँडांवर हा छंद फार जागा मागतो. ८० मीटरच्या बँडला साधा डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेली तार, सुमारे ४० मीटर लांब, १६० मीटरला त्याच्या दुप्पट. शिवाय ही तार निदान अर्ध्या तरंगलांबीइतकी उंच असावी, म्हणजे १६० ला ८० मीटर! आपल्याकडे ती लिंबाच्या फांदीपर्यंत जाते आणि तिथेच राहते.

आता गंमत बघा. जमिनीलगतच्या तारेचा रोध खरं तर बराच घटायला हवा. पण खालची जमीन शक्ती खाते, तो तोटा रोधात मिळवला जातो, आणि बेरीज संचाला हव्या त्या ५० ओहमच्या आसपास येऊन बसते. मीटर प्रसन्न! कुजक्या केबलचंही तेच. जाताना निम्मी आणि येताना निम्मी शक्ती खाणारी केबल असेल, तर टोकाची ॲन्टेना तुटून पडली तरी मीटर तीनच्या वर जात नाही. आणि सर्वांत निर्दोष आकडा देतो डमी लोड, ॲन्टेनाऐवजी जोडायचा नुसता रोध. सगळे वॅट निमूट पचवतो, स्वतः तापतो, शेजारच्या गल्लीतही ऐकू जात नाही. परत काय आलं ते मीटरला कळतं. उरलेलं आभाळात गेलं की मातीत, ते कळत नाही.

आणि कधी कधी तर मीटरकडे बघायची सवडच नसते. मराठवाड्यातल्या किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या, हजारो गेले. मदतीला आलेल्यांत हॅम मंडळीही होती. अशा ठिकाणी उंच मनोरा कुठला? मिळेल त्या खांबाला तार बांधायची. पण इथून मुंबई सरळ रेषेत साधारण ४०० किलोमीटर, आणि दिवसा ४० मीटरच्या बँडवर एवढ्या अंतराला बुटकी तारच बरी. तिची लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनांबराला लागून आसपासच्या मुलखावर उतरते. एरवी ज्या बुटकेपणाची लाज वाटते, तोच इथे कामाला येतो. अशा वेळी एसडब्ल्यूआर दीड आहे की अडीच, हे विचारायला कोणी बसत नाही. संच तापत नाही ना, एवढं पाहिलं की पुरे.

म्हणून मला वाटतं, मीटर बघावं, पण निकाल पलीकडच्या माणसाकडूनच घ्यावा. अर्थात तोही काही कमी नाही. हाक मारली की सोलापूरहून स्पष्टतेचे आणि जोराचे पैकीच्या पैकी गुण येतात, “फाइव्ह-नाइन! एकदम खणखणीत! फक्त नाव काय म्हणालात, ते परत सांगता का?”