आतली गोष्ट

धूलकोटच्या बाजारात निंबाखाली एक ओटा आहे. कोणी बांधला, कशासाठी बांधला, हे कोणाला आठवत नाही. सध्या तो बापूंचा आहे. सकाळी बुऱ्हाणपूरची बस पेपरांचा गठ्ठा टाकून जाते आणि बापू आपला पेपर मागच्या बाजूनं उघडतात. कोण जिंकलं हे त्यांना रात्रीच कळलेलं असतं, त्यात त्यांना रसही नसतो. ते शोधत असतात, कोण खेळणार नाही. तशी बातमी सापडली की चष्मा कपाळावर चढतो, पेपराची घडी मांडीखाली जाते आणि बापू सुपारीचं खांड गालात सरकवून म्हणतात, "मास्तर, आतली गोष्ट वेगळी आहे."

'विश्रांती', 'वैयक्तिक कारण' आणि 'स्नायूची दुखापत' हे तीन शब्द बापूंना गुलाबी बोंडअळीसारखे वाटतात. बोंड वरून हिरवंगार, फोडल्याशिवाय काही कळत नाही. मग बापू बसतात फोडत. निवड समितीशी बिनसलं इथपासून सासुरवाडीला लग्न आहे इथपर्यंत सगळी बोंडं फुटतात. तोवर चहा दोनदा होतो. पैसे मास्तरांनी, म्हणजे मी, द्यायचे, हे आतलं नाही, उघड आहे.

या धंद्याची दीक्षा त्यांना सुनील गावसकरनं दिली. फेब्रुवारी 1987. पाकिस्तानचा संघ आलेला, कसोटी कोलकात्याला, ईडन गार्डन्सवर. बापू तेव्हा तरणे, नव्या लग्नातला ट्रान्झिस्टर अजून कव्हरात. कापूस वेचायला माणसं लावून हे मेरेवर कान लावून बसले, तर सलामीला गावसकरच नाही! ओळीनं 106 कसोट्या खेळलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याच मैदानावर कपिल देवला वगळल्यामुळे भडकलेल्या प्रेक्षकांनी कर्णधार म्हणून त्याची हुर्यो उडवली होती. ते त्यानं मनात ठेवलं आणि तो तिथं उतरलाच नाही.

बापूंना हे एवढं पटलं की त्या साली ते साडूच्या घरच्या बारशाला गेले नाहीत. साडू कधीतरी पंगतीत काही बोलला होता म्हणे. "गावसकर नाही गेला, मी कसा जाऊ?" बायकोनं विचारलं, गावसकरच्या बायकोलाही एकटीनंच जावं लागलं होतं का? ओट्यावर हा प्रश्न बापू स्वतःच सांगतात. उत्तर सांगत नाहीत. पुढच्याच महिन्यात अहमदाबादला गावसकरच्या 10,000 धावा पुऱ्या झाल्या तेव्हा मात्र पेढे घेऊन साडूकडे गेले.

आता कोणी म्हणेल, बापू न खेळणाऱ्याच्या बाजूचे. तसं मुळीच नाही. बापूंची बाजू समोरचा काय म्हणतो त्यावर ठरते.

2011 चा जून घ्या. सचिनची आंतरराष्ट्रीय शतकं 99 वर थांबलेली. नव्व्याण्णवावं 12 मार्चला नागपूरला झालं होतं, त्याच दिवशी आपला डाव 1 बाद 267 वरून 296 मध्ये गडगडला होता. बापू ते आकडे कर्जाच्या व्याजासारखे लक्षात ठेवून आहेत. मग विश्वचषक जिंकला, आयपीएल झाली, आणि वेस्ट इंडीजच्या दौऱ्याला सचिन म्हणाला, मी येत नाही. सकाळी ओट्यावर बापू नुसते पेटले. "आयपीएल खेळाले अंगात जोर, अन् देशासाठी दम लागते? एक शतक उरलं, एक! पेरणी सोडून कोणी पंढरपूरला जाते का?" जातात, मी म्हटलं, वारीला त्याच दिवसांत जातात. माझ्याकडे दुर्लक्ष झालं.

दुपारी बुऱ्हाणपूरचा एक बी-बियाण्यांचा व्यापारी आला. त्यानं निंबाखाली गाडी लावली आणि सहज म्हणाला, सचिनला आता पैसाच दिसतो. शब्दन् शब्द बापूंचा सकाळचा. पण तो बाहेरच्याच्या तोंडून आला ना! बापू ओट्यावरून खाली उतरले. "सोळा वर्षांचा होता तेव्हापासून खेळतो तो. माणूस आहे, विहिरीवरची मोटर नाही. मोटरलाही तुम्ही रात्री बंद करता ना? लाइट जाते म्हणून का होईना!" व्यापारी गांगरला. बापूंनी त्या साली कपाशीचं बी त्याच्याकडून घेतलं नाही, वीस किलोमीटर लांब जाऊन महाग आणलं. तिकडे किंग्स्टनला द्रविडनं शतक ठोकलं, त्यावर बापूंची प्रतिक्रिया एवढीच : "तो बिचारा नेहमीच जातो."

शंभरावं शतक मार्च 2012 मध्ये मीरपूरला झालं आणि बांगलादेशनं तो सामना जिंकला. बापू त्या दिवशी काही बोलले नाहीत. फक्त सुपारी जरा जोरात कातरली.

नीरज चोप्राच्या वेळी तर प्रात्यक्षिकच झालं. जुलै 2022 मध्ये जागतिक स्पर्धेत 88.13 मीटर भाला फेकून त्यानं रौप्य आणलं आणि लगेच जांघेच्या दुखापतीनं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून नाव काढलं. "जांघेत काय असते दुखायला?" म्हणत बापू उठले, निंबाची काडी घेतली, चार पावलं पळाले आणि फेकली. काडी बरी गेली. बापू मात्र वाकले ते वाकलेच. दोघांनी धरून घरी पोचवलं. वाटेत कण्हत म्हणाले, "मास्तर, पोराचं खरं आहे हो." इतक्या वर्षांत खेळाडूचं कारण त्यांनी बिनशर्त मान्य केलं ते एकदाच.

नाही, दोनदा. इंदूरला शिकणारी नात सुटीत आली होती. तिनं मोबाईलवर अलिसा ल्यू नावाची अमेरिकन पोरगी दाखवली, बर्फावर नाचणारी. धूलकोटला बर्फ म्हणजे रसवंतीवरची गोणपाटात गुंडाळलेली लादी, त्यावर कोणी नाचतं हेच बापूंना पटेना. नात म्हणाली, आजोबा, हिनं 2022 मध्ये सोळाव्या वर्षी खेळ सोडला, कंटाळली होती. दोन वर्षांनी आपणहून परत आली आणि 2025 ला बोस्टनमध्ये जगज्जेती झाली.

"सोळाव्या वर्षी रिटायर? पेन्शन कोण देते?" बापूंनी चष्मा कपाळावर चढवला. आम्ही सरसावून बसलो, आता बोंड फुटणार. पण पडद्यावर ती सोनेरी कपड्यातली पोर गिरक्या घेत होती आणि मधूनच चक्क हसत होती. बापूंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर आणला. शेवटपर्यंत पाहिलं. मग नातीला म्हणाले, "परत लाव."

गेल्या महिन्यात बापू सलग तीन दिवस ओट्यावर आले नाहीत. पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं, गुडघा. दुसऱ्या दिवशी चहावाला म्हणाला, सुनेशी वाजलंय. तिसऱ्या दिवशी मतं दुभंगली. एक जण म्हणे, वय झालं, आता घरीच बसावं. दुसरा म्हणे, चाळीस वर्षं ओळीनं आलेला माणूस असा बसत नाही, कोणीतरी काहीतरी बोललं असणार. चहा दोनदा झाला. पैसे मीच दिले.

चौथ्या दिवशी बस यायच्या आधीच बापू हजर. कारण त्यांनी सांगितलं नाही. ओटा झटकला, मांडी घातली आणि आमच्यातल्या एकेकाकडे निरखून पाहत विचारलं, "वय झालं कोण म्हणत होतं?"