सिम कपाटात, आम्ही न्यू जर्सीत

"सहा महिने चाललात म्हणे?"

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला. मी सुपात कढीपत्ता ओरबाडत होते. लेकीशी जायचं रात्री ठरलं आणि सकाळी वहिनींना खबर! दूधवाला. दुसरं कोण असणार? रतीब बंद करायचं फक्त त्यालाच सांगितलं होतं.

"हो, एडिसनला. बाळंतपण आहे ना."

"परत कधी?"

"बघू. घाई काय, व्हिसा दहा वर्षांचा आहे."

वहिनींनी कपाळावर हात मारला. त्यांच्या न्यू जर्सीच्या तीन वाऱ्या झाल्यात, त्यामुळे तो अधिकार त्यांना आहेच.

"अहो, तो व्हिसा नुसता दारापर्यंत नेतो. आत किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुतेक सहा महिने देतात, पण दिलेच पाहिजेत असं नाही. ती तारीख आय-94 वर असते. आता कागद हातात देत नाहीत, ऑनलाइन बघायचा. पोचल्यावर जावईबापूंना प्रिंट काढायला सांगा आणि फ्रिजवर चिकटवा. त्या तारखेनंतर एक दिवस जरी राहिलात तरी दहा वर्षांचा व्हिसा गेला! 180 दिवसांहून जास्त रेंगाळून परत आलात, तर तीन वर्षं बंदी."

"आणि बाळाचं काही कमीजास्त झालं, राहावंच लागलं तर?"

"मुदत संपायच्या आत आय-539 नावाचा फॉर्म भरायचा. पण मुळात परतीचं तिकीट शेवटच्या दिवसाचं काढूच नका. पंधरा दिवस हाताशी ठेवा. तारीख बदलता येणारं घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. आणि स्वस्ताच्या मागे लागून दोन वेगळी तिकिटं तर अजिबात नकोत." इथे वहिनींचा आवाज खाली आला, म्हणजे माहिती संपून मुद्द्याचं सुरू झालं. "मागच्या गल्लीतल्या त्या भाऊंनी केलं होतं ना! मुंबई-फ्रँकफर्ट एक, फ्रँकफर्ट-नेवार्क दुसरं. मुंबईच्या काउंटरवरच अडवलं. म्हणे, बॅगा तिथे बाहेर येऊन उचलाव्या लागणार आणि बाहेर यायला शेंगेन व्हिसा पाहिजे. अमेरिकेचा व्हिसा दाखवून उपयोग काय? रात्रीत नवं तिकीट काढलं. सांगत नाहीत कुणाला, पण सून बोलली."

मी मान डोलावली. सून मलाही बोलली होती.

"आणि सिम!" वहिनी म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसायलाच लागलो.

वहिनींच्या पहिल्या वारीची गोष्ट. भाऊजींनी परदेशात हरवायला नको म्हणून इथलं सिम काढून स्टीलच्या कपाटात, पैठणीच्या घडीत जपून ठेवलं. तिकडे गेल्यावर लाइटबिल भरायला बसले, तर ओटीपी कपाटात! एफडी मोडायची, ओटीपी कपाटात. घराची किल्ली माझ्याकडे. मग व्हिडिओ कॉलवर वहिनी "डावीकडची, नाही नाही, जांभळ्या काठाची" करत होत्या आणि मी एकेक घडी उलगडत होते. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बँक कंठशोष करते. मी तीन महिने तो फोनवर वाचून दाखवला. पैठण्या सात आहेत, हे तेव्हा कळलं. सांगताना त्या चार सांगतात.

"निघायच्या आधी रोमिंग चालू करून घ्या, रिचार्ज संपू देऊ नका. तिकडचं वेगळं ई-सिम टाकायचं, म्हणजे हे फोनमध्येच राहतं. कार्ड बाहेरच्या देशात चालायचं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये ते बटण चालू करावं लागतं, नाहीतर दुकानात मान खाली. डॉलरच्या नोटा एका वारीला तीन हजारांपर्यंत नेता येतात, तेवढ्या कशाला लागतात म्हणा; बाकी फॉरेक्स कार्डावर टाका. आणि मशीननं विचारलं, रुपयांत घेऊ का डॉलरमध्ये, तर डॉलर म्हणायचं. रुपये बघून आपल्याला बरं वाटतं, पण दर ते आपल्या मनाचा लावतं."

"ह्यांचं पेन्शन?"

"नोव्हेंबरातला हयातीचा दाखला ना? आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. तिथून करता येतो. जाण्याआधी एकदा इथे करून बघा, चष्मा काढायला लागतो का, उजेड पुरतो का. आमच्या ह्यांचा चेहरा तीनदा पटला नाही त्याला." भिंतीकडे बघत त्या पुटपुटल्या, "मला तरी कुठे पटकन पटला होता."

विम्याचं त्यांनी एका वाक्यात उरकलं: जुनं दुखणं पॉलिसीत कितपत धरलंय ते आधी वाचा, आणि गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत घ्या. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच सांगून ठेवा म्हणाल्या; पैसे पडत नाहीत आणि इमिग्रेशनच्या रांगेत गुडघे वाचतात.

मग आत जाऊन त्यांनी बॅगा तोलायचा हुकाचा काटा आणला आणि भिंतीवरून माझ्या हातात दिला. मी पायरीवरची पिशवी अडकवली. गोडा मसाला, मेतकूट, अळीव, बेदाणे, खोबऱ्याच्या वाट्या. काटा पाच किलोंवर थरथरला.

"वाट्या काढा. सुकं खोबरं विमानात घेत नाहीत, तेलामुळे पेट घेतं. आणि खायचं काही आहे का विचारलं तर सरळ हो म्हणा. लपवलेलं सापडलं तर दंड." त्यांची नजर सुपाकडे गेली. "हा कशाला तोडताय?"

"वाळवून नेणार. लेक म्हणते तिकडे महाग मिळतो."

"नेऊच नका. कढीपत्त्यातून संत्र्या-लिंबांच्या झाडांना रोग जातो म्हणून कस्टमवाले काढून घेतात. आणा इकडे." मी सूप वर धरलं. त्यांनी पदरात सगळा पाला ओतून घेतला. "आणि झाडाची काळजी करू नका. सहा महिने मी बघेन त्याच्याकडे."

बघतीलच. निम्म्या फांद्या आताच त्यांच्या बाजूला झुकल्यात.