स्थळ आहे, पत्रिका नाही

मराठी माणूस नव्या शेजाऱ्याला चहा विचारण्याआधी मूळ गाव विचारतो. गाव कळले की आडनाव उलगडते, आडनावावरून ओळखीतले कुणीतरी निघते, आणि तिसऱ्या मिनिटाला 'म्हणजे तुम्ही आमच्या वन्संच्या जावेचे...' इथपर्यंत गाडी पोचते. अशा समाजात, जिचे गाव ठाऊक नाही, आईबापांचा पत्ता नाही आणि विचारले तर जी फक्त जांभई देते, अशी कुत्री घरात आणायची तर पूर्वतयारी हवी. इच्छुकांच्या सोयीसाठी ती इथे देत आहोत. विकतचे पिल्लू आणणाऱ्यांनी हे वाचले नाही तरी चालेल. त्यांच्या पिल्लाला वंशावळीचा कागद असतो आणि त्यात एक तरी आजोबा चॅम्पियन असतातच.

स्थळ पाहणे

स्थळ व्हॉट्सॲपवर येते, फोटोसकट. मजकूर नीट वाचायला शिकावे. 'अतिशय शांत' म्हणजे अजून घाबरलेली आहे. 'खूप एनर्जेटिक' म्हणजे तुमचा सोफा जुना असेल तर बरे. 'मुलांमध्ये छान रमते' म्हणजे सध्या ती ज्या ताईंकडे आहे त्यांना मुले आहेत आणि अजून कुणी रडत आलेले नाही. 'एकुलती राहील असे घर हवे' याचा अर्थ सांगायला नको.

या प्रकारात मुलीची बाजू वरचढ असते, हे वरपक्षाने आधीच मनाशी घ्यावे. कांदेपोहे आपण करायचे, घर बघायला ते येणार आणि पसंती तेच कळवणार. घर स्वतःचे की भाड्याचे? भाड्याचे असेल तर मालकाची लेखी संमती? गॅलरीला जाळी आहे का? दिवसाचे किती तास ती एकटी राहील? गावाला गेलात तर कुणाकडे? बदली झाली तर? आधार कार्डाची प्रत. पिल्लू असेल तर वेळेवर नसबंदी करण्याचे लेखी आश्वासन. घरातले ज्येष्ठ या टप्प्यावर 'आमच्या घराण्याची चौकशी करणारे हे कोण?' म्हणून आतल्या खोलीत जातात. जाऊ द्यावे. मात्र 'घरात सगळ्यांना चालणार आहे ना?' या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे. कुत्री परत पाठवताना जी कारणे सांगितली जातात, त्यांत 'सासूबाईंना चालत नाही' हे फार जुने आणि लोकप्रिय आहे, आणि सासूबाई त्या आधीही घरातच होत्या.

कागदपत्रे

तिच्या गतायुष्याचा एकच अधिकृत दस्तऐवज असतो आणि तो तिच्या कानावर असतो. कानाच्या टोकाला छोटी खाच दिसली, तर ती मारामारीची खूण समजून हळहळू नये. रस्त्यावरच्या कुत्र्यांना पकडायचे, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलले तिथेच परत सोडायचे, असा सरकारी नियम २००१ पासून आहे. २०२३ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. नसबंदी झालेली कुत्री पुन्हा पकडली जाऊ नये म्हणून ही खाच मारतात. म्हणजे एका सरकारमान्य कार्यक्रमात तिची नोंद झालेली आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या कामाची तेवढीही झालेली नसते.

वय दातांवरून ठरते. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. सातव्या महिन्याच्या आसपास ते पडून पक्के ४२ आलेले असतात. तोवर डॉक्टर महिन्याच्या हिशेबात वय सांगतात. त्यानंतर ओठ वर करून, दातांवरची पिवळी पुटे पाहून 'दोन ते पाच' म्हणतात, आणि हे वर्षांत असते. लसीच्या पुस्तकात मात्र जन्मतारखेचा रकाना असतो. तिथे बिनधास्त १ जून लिहावे. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना शाळेच्या मास्तरांनी हीच जन्मतारीख दिली आणि त्यांतले कित्येक पुढे सन्मानाने पेन्शनीत निघाले.

आता थोडे गंभीर. आधी लस झाली होती की नाही हे कळत नसेल, तर झालीच नव्हती असे धरून चालावे. रेबीज, पार्व्हो आणि डिस्टेंपर यांच्या लसी, जंताचे औषध, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त आणि गोचीडतापासाठी रक्ताची तपासणी, हे पहिल्या भेटीतच डॉक्टरांशी बोलून ठरवावे. घरात कुणाला दात लागलाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि थेट दवाखाना गाठावा. हळद, मिरचीपूड, चुना यांतले काहीही लावू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस वेळेत घेतली तर वाचतो. या परिच्छेदात विनोद नाही.

पहिले दिवस

आपण नवी गादी आणलेली असते, तिच्यावर हाडांचे चित्र असते. ती दिवाणाखाली जाऊन बसते. तिला ओढून काढू नये, कौतुकाला शेजारी बोलावू नयेत, मोबाइल घेऊन पालथे पडून फोटो काढू नयेत. पाण्याचे भांडे जवळ सरकवावे आणि आपण पेपर वाचत बसावे. कुत्री सांभाळणारी मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात. भीती ओसरायला पहिले तीन, घराचे वेळापत्रक कळायला दुसरे, आणि आपले खरे गुण उधळायला तिसरे. चौथ्या दिवशी 'किती गुणी आहे हो' असे स्टेटस टाकण्याची घाई करू नये.

बाहेर नेताना गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्ही घालावे आणि दोन्हींना दोरी लावावी. घाबरलेले कुत्रे मान मागे ओढून साध्या पट्ट्यातून सहज निसटते. तिला तुमचे नाव, मजला किंवा पिनकोड अजून पाठ नसतो.

चरित्रलेखन

खरे संकट इथून सुरू होते. कुत्री घरात आली की आठवड्याच्या आत तिचे चरित्र लिहून तयार होते, आणि लेखकमंडळात घरातले सगळे असतात. ती पहाटे पाचला उठते, म्हणून आजोबांच्या मते ती लष्करातल्या माणसाकडे वाढली. पोळी दिली की ती तोंडात धरून गॅलरीत जाते, गवती चहाच्या कुंडीत पुढच्या पायांनी खड्डा करते, पोळी आत ठेवते, नाकाने माती लोटून वर सारखी करते आणि नाकाला माती तशीच ठेवून निरागस चेहऱ्याने हॉलमध्ये परत येते. त्यावरून आईच्या मते तिने फार उपासमार सोसली आहे. (पुरून ठेवणाऱ्याचे पोट बहुधा आधीच भरलेले असते, हे आईला सांगून उपयोग नाही.) कॉलेजातली कन्या 'ट्रॉमा' एवढेच म्हणते. आणि काका येतात, ते कान बघून सांगतात, 'यात लॅब आहे हो.'

लॅब, अर्थात लॅब्रेडॉर, प्रत्येक कुत्र्यात असतो. ज्या घराण्यांना पेशव्यांकडून इनाम मिळाल्याचे सांगायची सवय असते त्यांना तो जरा लवकर दिसतो. वस्तुस्थिती अशी की देशी कुत्रे ही चार विलायती जातींची भेसळ नव्हे. उभे कान, वळलेली शेपटी, आखूड केस हा ऐवज माणसाने वंशावळीची वही उघडण्याच्या कितीतरी आधीचा आहे. लंडनचा केनेल क्लबच मुळी १८७३ सालचा. त्या हिशेबात लॅब हाच कालचा पोरगा.

मग झाडू. केर काढायला झाडू उचलला की ती शेपूट पायात घालून पळते, आणि सगळे घर एका सुरात म्हणते, 'नक्की कुणीतरी झाडूनं मारलं असणार, बिचारी!' ठीक आहे. पण ती हेल्मेटलाही घाबरते. उघडलेल्या छत्रीला, कुकरच्या शिट्टीला, कुरमुऱ्यांच्या पिशवीला आणि टीव्हीवरच्या एका विशिष्ट निवेदकालाही. घरच्यांचा तर्कच पुढे नेला तर असा एक इसम मानावा लागतो, ज्याने हेल्मेट घालून, एका हाती उघडी छत्री आणि दुसऱ्या हाती झाडू धरून, कुकर लावलेला असताना, कुरमुरे खात तिचा छळ केला. पोलिसांना असा माणूस सापडायला वेळ लागू नये.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी अनेक वर्षे पिल्ले वाढवून, त्यांचे वागणे टिपून १९६५ साली एक पुस्तक काढले. त्याचा आपल्या कामाचा भाग एवढाच : साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहते, हुंगते, ऐकते, ते त्याच्या जगात बसते. जे त्या काळात भेटलेच नाही ते पुढे संशयास्पद ठरते. बांधकामाच्या वाळूवर वाढलेल्या पिल्लाने हेल्मेटवाले शंभर पाहिले असतील, पण चालू मिक्सर एकही नाही. घरात वाढलेल्याचे नेमके उलटे. कुणी एक बोटही न लावता भीती तयार होते. मार बसलेला असूही शकतो, नाही असे नाही. पण उपाय दोन्हींवर एकच आहे. झाडू खोलीच्या दुसऱ्या टोकाला आडवा ठेवावा, उकडलेल्या अंड्याचा तुकडा अलीकडे टाकावा, रोज झाडू वीतभर जवळ आणावा आणि ती मागे सरली की आपणही मागे सरावे. चरित्र कोणतेही मानले तरी अंडे तेवढेच लागते.

चरित्राचा खरा तोटा 'बिचारी' या विशेषणात आहे. बिचारीला सोफ्यावरून कोण उतरवणार? बिचारीला जेवताना ताटातले कोण नाही म्हणणार? सहा महिन्यांत बिचारीचे वजन दीडपट होते आणि आजोबांची खुर्ची जाते. तिला दया नको असते. जेवणाची, फिरण्याची आणि झोपण्याची वेळ रोज तीच असली की तिचे भागते.

आणि इतिहास हवाच असेल तर रायगडावर जावे. तिथे शिवाजी महाराजांचा कुत्रा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वाघ्याची समाधी आहे. शिवकालीन कागदांत त्याचा पुरावा नाही असे अनेक अभ्यासक म्हणतात, तो होताच असे मानणारेही तितक्याच जोराने म्हणतात. मध्यंतरी त्याचा पुतळा काढला गेला, परत बसला, २०२५ मध्ये वाद पुन्हा पेटला. समाधी असलेल्या कुत्र्याचा भूतकाळ जिथे मिटत नाही, तिथे आपल्या घरच्या कमिटीने अहवालाची घाई का करावी?

आहार

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. त्यामुळे ती बाराही महिने चातुर्मास पाळणार, हे आजींना सांगावे. आजींचे मतपरिवर्तन सहसा याच मुद्द्यावर होते. मात्र सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे तिच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, तेव्हा तिचा प्रसाद वेगळा काढावा. चॉकलेट वर्ज्य. शाकाहारी घरात अंडी-चिकनसाठी गॅलरीत वेगळी शेगडी आणि वेगळे पातेले ठेवण्याची वहिवाट आहे. हे पातेले पुढे पाहुण्यांच्या चहाला वापरले जाऊ नये एवढे पाहावे. पोळीला तूप लावण्याबाबत आक्षेप आला, तर नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे कसे धावले याची आठवण द्यावी, पण डॉक्टरांसमोर देऊ नये.

सोसायटी

सेक्रेटरी येतील. कुत्रे पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही, आणि लिफ्टही नाकारू शकत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचे २०१५ चे परिपत्रक आहे. ते छापून दाराशी ठेवावे, पण लगेच तोंडावर फेकू नये. आधी महापालिकेचा परवाना काढावा आणि फिरायला जाताना रोज कालचा पेपर बरोबर घ्यावा. अग्रलेखाचे पान मजबूत असते. कुत्र्यांवरून भांडायची आपली परंपरा जुनी आहे. १८३२ मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा मुंबईतल्या पारशांनी दंगल केली होती, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल एक आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला, तेव्हा पार्किंगमधल्या प्रत्येक गृहस्थाचे कायद्याचे शिक्षण पूर्ण झाले.

पाहुण्यांना 'घाबरू नका, ती काही करत नाही' असे दारातून ओरडून सांगू नये. हे वाक्य ऐकून आजवर कुणाचीही भीती गेलेली नाही. तिला आतल्या खोलीत ठेवावे, पाहुण्यांना बसू द्यावे, मग सोडावे. कुणी तिच्या डोक्यावर हात फिरवायला झुकले तर थांबवावे. अंगावर वाकून आलेला अनोळखी माणूस तुम्हालाही आवडणार नाही.

नाव दोन अक्षरी ठेवावे, आणि गल्लीत मोठ्याने मारलेल्या हाकेला समोरच्या बंगल्यातल्या आजी 'ओ' देणार नाहीत असे ठेवावे. हडपसरच्या उकिरड्यावर जन्मलेल्या कुत्रीशी घरातले सगळे इंग्रजीत का बोलू लागतात हे कोडे आम्हाला सुटलेले नाही. 'बस' म्हटले तरी ती बसते.

एवढे सगळे अंगवळणी पडले, ती दिवाणाखालून वर आली आणि झाडू नुसता झाडू उरला, की त्या ताईंचा फोन येतो. फोटो छान आले म्हणतात, तब्येत विचारतात, आणि सहज जाता जाता सांगतात की एक पिल्लू सापडले आहे, जागा नाही, फक्त आठवडाभर ठेवाल का? हो म्हणण्यास हरकत नाही. मात्र प्राणिमित्रांच्या पंचांगात आठवडा साधारण बारा-तेरा वर्षांचा असतो, तेव्हा दुसरे भांडे चांगल्या जाड स्टीलचे घ्यावे.