गुस्ताखी माफ

लखनौला बदली झाल्यावर पहिल्या महिन्यात मी दोन गोष्टी शिकलो. कबाब मागवून घाई करायची नाही, आणि पूलच्या टेबलावर वाकण्याआधी डावीकडच्या बाकड्याकडे एकदा बघून घ्यायचं. त्या बाकड्यावर उस्ताद बसलेले असतात.

हजरतगंजच्या मागच्या एका गल्लीत जिना चढून गेलं की हे पार्लर लागतं. तीन पूलची टेबलं आणि कोपऱ्यात एक बारा बाय सहाचं म्हातारं स्नूकर. टेबलाचं भाडं तासावर, आणि ते हरेल त्याने भरायचं. उस्तादांना हा नियम पक्का ठाऊक असल्यामुळे ते कधीच खेळत नाहीत. खेळतात ते दुसऱ्यांच्या खेळाशी.

आमच्या पुण्यात असा माणूस सरळ म्हणाला असता, "तुमच्याने होणार नाही, उठा." इथे अपमानसुद्धा अत्तर लावून येतो. "गुस्ताखी माफ हुजूर," असं कानाशी आलं की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय. आणि वैताग असा, की ते खरंच चुकलेलं असतं.

माझी पहिली चूक पकडीची. काठी मुठीत आवळली की मनगट ताठ होतं आणि शॉट वाकडा जातो. उस्ताद म्हणाले, "पान की गिलौरी पकड़ते हैं ना हुजूर? गिरे भी नहीं, पिचके भी नहीं." दुसरी चूक चॉकची. मी चॉकचा खडा काठीच्या टोकावर घुसळत होतो, ताकाला रवी घुसळावी तसा. "सुरमा लगाइए, ओखली मत कूटिए." तिसरी सगळ्यांचीच असते: शॉट मारता मारता डोकं वर. बॉल कुठे गेला हे बघायची इतकी घाई, की काठी आपल्याबरोबर उठते आणि बॉल भलतीकडे जातो. "बॉल कहीं भागा नहीं जा रहा, हुजूर. पॉकेट में गिरेगा तो आवाज आ जाएगी."

कॉलेजची पोरं येतात ती घणाचे घाव घालायला. जोरात आलेला बॉल पॉकेटच्या दोन्ही गालांवर आपटतो आणि बाहेर येतो. तोच हळू आला तर आत घरंगळतो. हे उस्ताद लखनवी भाषेत सांगतात: "पॉकेट बड़ा मेहमाननवाज है, मियाँ. आहिस्ता आइए तो अंदर बुला लेता है."

पण त्यांचा खरा जीव पांढऱ्या बॉलमध्ये. नवखा रंगीत बॉलकडे बघतो आणि पांढरा नंतर कुठे थांबेल याचा विचारच करत नाही. मी एकदा कडेचा सोपा बॉल घातला आणि टाळीसाठी मान वळवली, तोवर पांढराही त्याच्या मागोमाग पॉकेटात! फाऊल. आता समोरचा पांढरा हवा तिथे ठेवून खेळणार. बाकड्यावरून उसासा आला, "दुल्हन के साथ आपने काजी को भी रुखसत कर दिया."

वर आणखी टोमणा, "और आप तो विल्सन जोन्स के शहर के हैं!" पुण्यात 1922 साली जन्मलेल्या आणि 1958 साली बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झालेल्या त्या माणसाचा वारसा माझ्या हाताने असा रुखसत होताना मला फार लाज वाटली. स्नूकर तर जबलपूरला 1875 साली पावसाळ्यात कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी काढलं. उस्तादांना त्याचंही दुःख आहे: त्यांच्या मते हा खेळ लखनौतच निघायला हवा होता, कारण फुरसत इथे जास्त होती. प्रेमचंदांच्या गोष्टीतले जहागीरदार राज्य जात असताना बुद्धिबळ खेळत होते. त्या पटाशेजारी बसून चाली सुचवणारा कुणीतरी असणारच, आणि तो उस्तादांचा पणजोबा असावा असा माझा अंदाज आहे.

एका रविवारी मी काठी त्यांच्या हातात दिली. टेबलावर फक्त काळा उरला होता, मधल्या पॉकेटपासून वीतभर. "उस्ताद, हा तुम्ही मारा."

पार्लर शांत झालं. उस्तादांनी सुरमा लावावा तसा चॉक लावला, वाकले, आणि स्वतःशीच पुटपुटले, "हाथ सख्त है." उठले. पुन्हा वाकले. "कोहनी बाहर है." उठले. डावा पाय थोडा मागे घेतला, वाकले, "सर उठेगा, मुझे मालूम है." उठले. पोरं खेळ थांबवून भोवती उभी राहिली. सातव्यांदा वाकले तेव्हा काठी खरोखरच पुढे सरकू लागली होती, इतक्यात काउंटरवरून हाक आली, "टाइम!" आणि टेबलावरचा दिवा विझला.

उस्तादांनी काठी अदबीने माझ्या हातात ठेवली. "शॉट तो बैठ चुका था हुजूर," ते म्हणाले, आणि मी तासाचे पैसे द्यायला काउंटरकडे गेलो.