रेशमाची पहिली आंघोळ

सर्वप्रथम महिना पाहावा. नेऱ्यात राहत असाल तर श्रावण उत्तम, आणि वाईटही तोच. उत्तम अशासाठी की पाणी आभाळातून फुकट मिळते. वाईट अशासाठी की माथेरानच्या डोंगरावरून ढग एकदा खाली उतरला की दोरीवरचा हातरुमालसुद्धा तीन दिवस सर्द राहतो. आम्हाला निवडीला वाव नव्हता. गौरी यायच्या आत नातीचे परकर-पोलके शिवून व्हायचे होते, येवल्याहून आलेले अडीच मीटर रेशीम कपाटात होते, हिरवे, लाल काठाचे, आणि शिलाईवाल्या ताईंनी फोनवर बजावले होते, "काकू, येताना भिजवून आणा हं. मागाहून आटलं तर मला बोलायचं नाही."

साहित्य: रिठे दहा-बारा, रात्रभर भिजवलेले. प्लास्टिकचा टब एक. लोखंडी बादली नको, गंजाचा डाग रेशमावरून कधी उतरत नाही. व्हिनेगर एक चमचा. जुने पंचे दोन, शुभ्र रुमाल एक, सुई-दोरा. शिवाय घरातली माणसे बाहेर धाडायला एखादे निमित्त. आम्ही गाढेश्वरचे पाणी पाहून येण्याचे निमित्त केले. रविवारच्या गर्दीत गाडी अडकली, त्यामुळे दोन तास हुकमी मिळाले.

हात थरथरत असतील तर एवढे ध्यानात आणावे की रेशमाला पाणी नवे नाही. कोश गरम पाण्यात टाकतात तेव्हाच त्याचे टोक सुटते आणि त्यातून जवळपास किलोमीटरभर अखंड धागा निघतो. मग त्यावरचा डिंक, म्हणजे सेरिसिन, काढायला तो साबणाच्या पाण्यात पुन्हा उकळतात. वजनातला चौथा हिस्सा तिथेच जातो. इतके सोसून आलेला धागा आपल्या टबातल्या गार पाण्याला काय भिणार? भितो तो रंग, भिते ती जर, आणि सर्वात जास्त भितो आपण.

हे भय कुठून आले, कळत नाही. आजोबांचा पूजेचा कद मला आठवतो. सुती धोतर रोज धुऊन, कुणी न शिवता वाळले तरच सोवळ्यात चाले. रेशमाला मात्र माफी होती. ते धुतल्याशिवायही शुद्धच. पूजा झाली की आजोबा कद काठीने उचलून उंच वलणीवर टाकत आणि आम्हा पोरांना ओरडत, "शिवू नका रे!" तेव्हा रेशीम माणसाला विटाळापासून राखत होते. आता रेशमालाच माणसाचा विटाळ होतो, पण ओरडणे तेच आहे. फक्त ते माझ्याकडे आले आहे.

कृती. आधी कापलेल्या कडांना कच्चा टाका घालावा, नाहीतर दशा सुटून परकराऐवजी गोंडे हाती येतात. मग काठाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबावा. आमच्या रुमालावर कुंकू उमटले. अशा वेळी शेजारच्या वहिनी मीठ आणून देतात. मिठाने सुटणारा रंग पक्का होतो यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण चिमूटभर घातले नाही तर वहिनींशी संबंध सुटतात. रंगावर खरा उपाय एकच, घाई. दोन मिनिटांच्या वर कापड पाण्यात ठेवू नये आणि ओले असताना घडी घालू नये, काठ हिरव्यावर टेकला की संपले.

पाणी हा स्वतंत्र अध्याय आहे. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरी पुटे चढतात. तीच पुटे रेशमावर बसली तर झळाळी जाते. म्हणून पावसाचे पाणी धरावे, पण पहिली सर जाऊ द्यावी. तिच्यातून पत्र्यावरची धूळ येते आणि डंपरच्या कृपेने ती आमच्याकडे मुबलक आहे. मी पागोळीखाली पातेले धरून गॅलरीत उभी राहिले. समोरच्या इमारतीतून विचारणा झाली, "पाणी गेलं का हो तुमच्याकडे?" बाहेर धो-धो कोसळत होते.

रिठ्याचे पाणी गाळून त्यात कापड अलगद हलवावे. रेशीम केसांसारखेच प्रथिनांचे असते. केसांना चालते ते त्याला चालते, सोडा मात्र त्याला खातो. शेवटच्या पाण्यात व्हिनेगर. पिळण्याचा मोह टाळावा, ओले रेशीम नाजूक होते. ते पंच्यात गुंडाळून हाताने दाबावे. आणि सुरुवात केली की सगळे कापड भिजवावे, नाहीतर थेंबही पाडू नये. अर्धवट थेंबाचे वर्तुळ वाळल्यावर जे बसते ते नातीच्या लग्नापर्यंत टिकते.

वाळवणे सावलीत, पंख्याखाली, आडव्या दोरीवर. थोडे दमट असतानाच उलट्या बाजूने, मधे सुती फडके ठेवून, मंद इस्त्री. इथे वीज जाते. ती येईपर्यंत कापडाशेजारी बसून राहावे आणि दर दहा मिनिटांनी ते वाळले का पाहावे, पण हात धुऊन. गाढेश्वरहून परतलेल्यांनी दारातूनच विचारले, "काय, कोण आजारी आहे का?"

टेपाने मोजले. सबंध अडीच मीटरमध्ये जेमतेम दोन बोटे आटले होते.

दुसऱ्या दिवशी गुंडाळी छातीशी धरून ताईंकडे गेले. त्यांनी रेशीम उचलून बाजूला ठेवले आणि माझ्या पिशवीच्या तळातून मांजरपाटाचे अस्तर ओढून काढले. त्यावरची दुकानातली कडक घडी अजून मोडली नव्हती. त्यांनी दोन बोटांत ती घडी चोळून पाहिली.

"काकू, हे भिजवायचं म्हटलं होतं मी. रेशीम कुणी भिजवतं का?"