फुल्ल कर!

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. माझ्या सेकंडहँड ट्रकला तो आधीच होता. अंजूरफाट्याच्या टपरीवर मी हे इतकं ऐकवलं, की मी दिसलो की चहावाला पंखा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळवू लागला.

मे महिन्यात ड्रायव्हर म्हणाला, "मालक, रात्री नाशिक हायवेला एसी गार लागतो; मानकोली नाक्यावर अडकलो की नुसत्या गरम वाफा." निदानाला एवढं पुरेसं होतं. मीही लगेच केलं: गॅस संपला.

मिस्त्री भला माणूस. "सेठ, पहले मीटर लगाके देखते हैं. कम होगा तो लिकेज ढूंढेंगे, व्हॅक्यूम मारेंगे, फिर तौलके भरेंगे." पण दापोड्याच्या गोदामात माल उतरवायची घाई. "फुल्ल कर!" मी डिझेल पंपावरच्या थाटात. किती ग्रॅम, ते पुढच्या झाकणाआतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. आमच्या पट्टीवर पूजेच्या दिवशी मी शेंदराने ठसठशीत स्वस्तिक काढलेलं. आकडा देवालाच ठाऊक.

निळ्या मीटरचा काटा चढला, लाल मीटरचा तर सुसाट. चढतोय म्हणजे भरतोय, मी मान डोलावली. तेवढ्यात टक्! कॉम्प्रेसर बंद. दाब हाताबाहेर गेला की स्विच क्लच सोडवतो, एवढंच झालेलं. मला वाटलं पाइप निसटला, म्हणून झडप घातली आणि तो खरोखरच निसटला. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. फवारा तर्जनीवर बसला आणि रणरणत्या भिवंडीत माझं तेवढं एक बोट गारठलं.

मघापासून गप्प असलेल्या ड्रायव्हरने पुढची जाळी काढली. आत कंडेन्सरवर यंत्रमागांचं तूस आणि रस्त्याची धूळ मिळून गोधडी शिवलेली. धावत्या गाडीत वारा तिच्यातून कसाबसा घुसायचा. नाक्यावर कुठला वारा? आमच्या घरात आजोबांपासून माग. हेच तूस नाकातून काढण्यात माझं बालपण गेलंय!

मिस्त्रीने शेंदूर खरवडून आकडा वाचला, सगळा गॅस काढला, कंडेन्सर धुतला, व्हॅक्यूम मारून तोलून गॅस भरला. भरल्याचे पैसे घेतले, काढल्याचेही घेतले. बधिर बोट फुंकत मी पायरीवर चढलो, दार उघडून गारवा तपासत राहिलो.

"मालक," ड्रायव्हर म्हणाला, "आत या, नाहीतर दार लावा. गार हवा जातेय."