नाना आणि मुदत

आमच्या सोसायटीत मांजरं तीन आणि नाना एक. तिन्ही मांजरं नानांनी पाळली आहेत, असं नाना म्हणतात. मांजरांचं मत वेगळं असावं.

नानांच्या फ्रिजच्या दारात अंड्यांचा कप्पा आहे. घर पक्कं शाकाहारी, पण म्हणून जागा वाया कशी घालवायची? तिथे पिसवांच्या औषधाच्या नळ्या रांगेत उभ्या असतात. एकीचं तोंड कापून वर सेलोटेप लावलेली, एकीवरचा कागद केव्हाच गळून गेलेला आणि दोन चुलतभावाचा कुत्रा वारल्यावर वारसाहक्काने आलेल्या. खोकं एकाही नळीचं नाही. सगळी रद्दीत विकली गेली.

"एक्स्पायरी वगैरे कंपन्यांचे चोचले असतात. चालतंय!"

त्यात नाना बँकेतून निवृत्त झालेले, म्हणजे त्रैराशिकावर कुलदैवताइतकीच श्रद्धा. "वीस किलोच्या कुत्र्याला अख्खी नळी. ठमी चार किलोची. मग पाचवा हिस्सा. आहे काय त्यात?"

त्यात ठमीचं यकृत आहे. कुत्र्यांच्या बऱ्याच थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं. मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. मग लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. नानांच्या सौभाग्यवती माईंनी वेळीच नळी हिसकावली आणि ठमीसकट नानांना जनावरांच्या डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. सगळं ऐकून घेतल्यावर नानांनी विचारलं, "पण मुदत संपली म्हणजे विषही उतरलं असेल ना?"

बाई घोटभर पाणी प्यायल्या. "नाना, पिसवा मरतील याची खात्री नाही आणि मांजर मरणार नाही याचीही नाही. खोकं नाही, तेव्हा औषध कोणाचं तेही कळत नाही."

मग विल्हेवाटीचा प्रश्न. नाना बेसिनकडे निघाले. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड ही औषधं पाण्यातल्या किड्यांना अगदी किंचित मात्रेतही मारक असतात, आणि आमच्या बेसिनचं पाणी शेवटी मुठा नदीलाच मिळतं. "मुठेत आता उरलंय कोण?" नाना म्हणाले. प्रश्न तसा बिनतोड होता, पण माई बेसिनपुढून हलल्या नाहीत. मग चौकात भटक्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या मुलीला नळ्या देऊन टाकायचं ठरलं. नानांचं दातृत्व नेहमी मुदत संपल्यावरच जागं होतं.

अखेर माईंनी घनकचऱ्याचे नियम काढले. कालबाह्य औषधं आणि कीटकनाशकांचे डबे हा घातक कचरा; तो ओल्या-सुक्यात न टाकता वेगळा द्यायचा. नियमाला क्रमांक आहे म्हटल्यावर नाना विरघळले. नळ्या पिशवीत घातल्या, पिशवीला चार गाठी मारल्या आणि वर वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली : "विषारी. मांजरास लावू नये. मुदत संपली आहे (तशी चालते)."